बत्तीस केबीची पायरी

लिनक्स बूट होताना जे ढीगभर मेसेज भराभर वर सरकत जातात ना, त्यात काही मशीनवर एक ओळ दिसते, "अनएबल टू डिटेक्ट कॅश हायरार्की फॉर सीपीयू ०". कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांगतंय की ह्या प्रोसेसरच्या आत कॅश मेमरी (नुकता लागलेला डेटा हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) किती आहे, किती लेव्हलची आहे, कुठली कॅश कुठल्या कोअरमध्ये सामाईक आहे, हे मला समजलेलं नाही. मशीन काही अडत नाही. डेस्कटॉप येतो, ब्राउझर उघडतो, पायथन चालतं, त्यामुळे ह्या ओळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी मात्र तिच्यापाशी बराच रेंगाळलेय, आणि आता तर मला ती लिनक्समधल्या सगळ्यात प्रामाणिक ओळींपैकी एक वाटते. माहीत नाही म्हणून सरळ सांगितलंय, कुठलातरी आकडा चिकटवून दिलेला नाही.

मी इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवते, कॉम्प्युटर आर्किटेक्चर हा माझा विषय. थर्ड इयरचा एक मुलगा मिनी प्रोजेक्टसाठी मॅट्रिक्स मल्टिप्लिकेशन घेऊन बसला होता, लॅबमधल्या एका छोट्या एआरएम बोर्डावर, चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर, तळहातावर मावेल एवढा बोर्ड. मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार सरळ तीन लूप लावून केला की फार हळू होतो, कारण एकदा आणलेला डेटा परत लागेपर्यंत कॅशमधून बाहेर गेलेला असतो. म्हणून मॅट्रिक्सचे चौकोनी तुकडे करायचे आणि तुकड्यातुकड्याने गुणाकार करायचा, असा की तिन्ही मॅट्रिक्सचे चालू तुकडे एकाच वेळी कॅशमध्ये मावले पाहिजेत. डबल (दशांश आकडा साठवायचा प्रकार) म्हणजे ८ बाइट, तुकडा ३२ बाय ३२चा धरला तर तीन तुकडे मिळून २४,५७६ बाइट, म्हणजे एल१ (कोअरच्या सगळ्यात जवळची कॅश, एल२ आणि एल३ त्याच्या पुढच्या, मोठ्या) ३२ केबीची असेल तर निवांत मावतात. पण ती ३२ केबीची आहे हे आधी माहीत पाहिजे, आणि तिथेच त्याचं अडलं.

"मॅडम, माझ्या लॅपटॉपवर एलएससीपीयूची कमांड मारली की एल१ एल२ एल३ सगळं येतं. ह्या बोर्डावर त्या ओळीच नाहीयेत. ह्याला कॅश नाहीये का?"

"आहे रे. ए७२ कोअर कॅशशिवाय बनतच नाही. कॅश आहे, कर्नलला ती माहीत नाहीये."

"मग लॅपटॉपच्या कर्नलला कुठून माहीत?"

हा प्रश्न त्याने सहज विचारला असेल, पण मला तो इतका आवडला की पुढचं सगळं प्रॅक्टिकल बाजूला ठेवून आम्ही तेच बघत बसलो, आणि नंतर घरी येऊनही माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

आधी बोर्डावर काय काय दिसतंय ते पाहून घेतलं. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फायलींच्या रूपात मांडतं तिथे, प्रत्येक सीपीयूच्या फोल्डरखाली कॅश नावाचं फोल्डर असतं, त्यात इंडेक्स०, इंडेक्स१ अशी फोल्डरं, आणि त्यांच्या आत साइझ, लेव्हल, टाइप, शेअर्ड सीपीयू लिस्ट अशा एकेका ओळीच्या फायली. एलएससीपीयू स्वतः काही शोधत नाही, ह्याच फायली वाचून सुंदर मांडून दाखवतं. बोर्डावर ते कॅश फोल्डरच नव्हतं. गेटकॉन्फ ह्या कमांडने कॅशची साइझ विचारली तर शून्य. बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डावरच्या प्रोग्रामची) माहिती वाचणारं डीएमआयडीकोड म्हणालं इथे बायोसचं टेबलच नाही. आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या मेसेजच्या यादीत, ती वर लिहिलेली ओळ. चारी ठिकाणी नन्नाचा पाढा, पण एक बरं होतं की कुणीच खोटं बोलत नव्हतं.

आता लॅपटॉप. इंटेल किंवा एएमडीच्या चिपला विचारायची सोय चिपमध्येच केलेली आहे, सीपीयूआयडी नावाची इन्स्ट्रक्शन. कुठलाही साधा प्रोग्राम, रूट बिट काही नको, ती इन्स्ट्रक्शन चालवतो आणि चिप रजिस्टरमध्ये उत्तर भरून देते. इंटेलवर चौथं लीफ (चौथ्या नंबरचा प्रश्न) विचारलं की एकेका कॅशची माहिती येते, पण गंमत म्हणजे साइझ हा आकडा त्यात नसतोच. त्यात वे किती, पार्टिशन किती, लाइन किती बाइटची आणि सेट किती एवढंच येतं (लाइन म्हणजे कॅशमध्ये एकदम येणारा डेटाचा तुकडा, सेट म्हणजे लाइनींचा गट, आणि वे म्हणजे एका सेटमध्ये किती लाइन मावतात ते), आणि प्रत्येक आकडा एकने कमी करून ठेवलेला. त्या पोराचा लॅपटॉप आय५-८२५०यूचा, तिथे आम्ही फळ्यावर गुणाकार केला. एल१ डेटाला ८ वे, ६४ बाइटची लाइन, ६४ सेट, म्हणजे ३२,७६८ बाइट, बरोबर ३२ केबी. एल२ला ४ वे, १०२४ सेट, २५६ केबी. एल३ला १२ वे, ८१९२ सेट, आणि गुणाकार येतो ६२,९१,४५६, म्हणजे नेमके ६ एमबी. आठ, बारा, चौसष्ट असे सुटे आकडे गुणून बॉक्सवरचा आकडा निघतो तेव्हा वर्गातल्या मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात, हे मी प्रत्येक बॅचला पाहिलंय.

पण ही सोय पहिल्यापासून एवढी छान नव्हती. त्याआधी दुसरं लीफ होतं, त्यात चिप एकेका बाइटचा कोड द्यायची आणि त्या कोडचा अर्थ इंटेलच्या मॅन्युअलमधल्या टेबलात बघायचा. म्हणजे नवी साइझ आली की नवा कोड, आणि नवा कोड आला की कर्नलमधलं टेबल कुणीतरी हाताने वाढवायचं, तोवर कॅश "दिसत नाही". त्यात ४९ हेक्स हा एक कोड तर असा की त्याचे दोन अर्थ. एका ठरावीक झिऑन मॉडेलवर तो ४ एमबीची एल३ सांगतो आणि बाकी सगळीकडे ४ एमबीची एल२. कर्नलला आधी चिपचं मॉडेल बघावं लागतं आणि मग ठरवावं लागतं की तिने आत्ता काय सांगितलं. पुढे एक कोड असाही आला की ज्याचा अर्थच मुळी "इथे काही विचारू नका, चौथ्या लीफकडे जा" असा आहे.

कर्नलच्या सोर्समध्ये इंटेलची फाइल उघडून बघा कधीतरी, मी मुलांना मुद्दाम वाचायला लावते. २००१च्या सुमाराची पेंटियम ३ टुआलाटिन चिप, तिचे दोन प्रकार, एकात २५६ केबी एल२ आणि दुसऱ्यात ५१२. काही चिप स्वतःची साइझ सांगतच नाहीत, तिथे कर्नलने काय करायचं? लिहिणाऱ्याने कॉमेंटमध्ये साफ लिहिलंय की ही दोन्हीपैकी कुठली हे ओळखायचा आमच्याकडे काही मार्ग नाही, म्हणून आम्ही २५६ धरतो, तुमची ५१२ची असेल तर बूट करताना कॅशसाइझ हे पॅरामीटर द्या. एएमडीकडेही तसंच, पहिल्या काही ड्युरॉन आणि थंडरबर्ड चिप आपली एल२ चुकीची सांगायच्या, ते एएमडीने इराटामध्ये (चुकांच्या यादीत) छापलं आणि कर्नलने त्या ठरावीक मॉडेल आणि स्टेपिंगसाठी (चिपच्या आवृत्तीसाठी) ६४ आणि २५६ हे आकडे हाताने लिहून टाकले. आजही आहेत ते तिथे. कुणाच्या घरी ती चिप चालू असेल आता, पण ती ओळ कुणी काढली नाही.

आणि उलटंही आहे बरं का. १९९८मध्ये इंटेलने सेलेरॉन काढली ती एल२ कॅश अजिबात नसलेली, कोव्हिंग्टन म्हणायचे तिला. त्याच वर्षी १२८ केबी कॅशवाली मेंडोसिनो आली आणि ३००ए म्हणून ती लोकांनी ओव्हरक्लॉक करून करून, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून, गाजवली. कर्नल ह्या जुन्या चिपची नावं कशी ठरवतं माहितीये? कॅश बघून! त्या मॉडेलची एल२ शून्य निघाली तर नाव सेलेरॉन कोव्हिंग्टन, २५६ निघाली तर मोबाइल पेंटियम २ डिक्सन. तिथे कॅश नीट ओळखता आली नाही तर चिपचं नावच चुकणार.

ही झाली चिपची साक्ष. दुसरी साक्ष बायोसची, डीएमआयडीकोड जी वाचून दाखवतं ती. त्या टेबलात कॅशसाठी वेगळा प्रकार आहे, सातव्या नंबरचा, त्यात इन्स्टॉल्ड साइझ, मॅक्सिमम साइझ असं सगळं लिहिलेलं असतं, आणि ते मदरबोर्ड बनवणाऱ्याने भरलेलं असतं. डीएमआयडीकोडच्या मॅन पेजमध्येच शेवटी इशारा आहे की ह्या टेबलातली माहिती बहुतेक वेळा अपुरी, चुकीची नाहीतर चक्क खोटी असते. हा इशारा उगाच नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात ४८६चे काही मदरबोर्ड बाजारात आले होते, त्यांच्यावर कॅशच्या चिप म्हणून नुसते प्लास्टिकचे तुकडे बसवलेले. वरून चिपसारखे, पायसुद्धा आहेत, आत काही नाही. आणि बायोस असं बदललेलं की बूट होताना स्क्रीनवर २५६ केबी कॅश म्हणून व्यवस्थित छापायचं. आपल्याकडे तो असेम्बल्ड पीसीचा जमाना, लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणायचे आणि घरी जोडायचे, घेणाऱ्याला कळणार कुठून? स्क्रीनवर लिहून येतंय म्हणजे आहे. ती लबाडी पकडली डॉसवर चालणाऱ्या छोट्या छोट्या प्रोग्रामनी, जे बायोसला काही विचारायचेच नाहीत, सरळ मेमरी वाचून वेळ मोजायचे.

ह्या मुद्द्यावर मी वर्गात जरा थांबते, कारण मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. कॅशची रचनाच अशी केलेली असते की प्रोग्रामला ती दिसू नये. १९६८मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० मॉडेल ८५ जाहीर केलं, बाजारात आलेलं कॅशवालं पहिलं मशीन, १६ केबीपासून कॅश मिळायची, आणि त्याची मोठी गोष्ट हीच होती की आधी लिहिलेले प्रोग्राम एक अक्षर न बदलता चालले, फक्त जास्त वेगाने. कॅश असो, नसो, अर्धी असो, बंद करून ठेवलेली असो, तुमच्या प्रोग्रामचं उत्तर तेच येणार. बदलतो तो फक्त वेळ. म्हणजे मग सीपीयूआयडी काय, बायोसचं टेबल काय, सिसएफएसच्या फायली काय, ह्या सगळ्या कुणीतरी सांगितलेल्या गोष्टी झाल्या. डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार एकच, घड्याळ.

सांगोवांगीचे घोळ तर अजून चालूच आहेत. मागे एका मैत्रिणीचा फोन आला, कॉलेजमध्ये बरोबर होतो आम्ही, तिने नवीन डेस्कटॉप जोडला होता, रायझन ५ ५६००. "अगं, बॉक्सवर ३५ एमबी कॅश लिहिलीये आणि प्रॉक सीपीयूइन्फोमध्ये ५१२ केबी दाखवतंय. खोटी चिप दिली का गं मला दुकानदाराने?" बिचारी दोन दिवस दुकानात जाऊन भांडायच्या तयारीत होती. चिप अस्सल होती. प्रॉक सीपीयूइन्फो ही कर्नलचीच प्रोसेसरची माहिती देणारी फाइल, तिच्यातली ती कॅश साइझची ओळ फार जुनी आहे, एकच आकडा मावतो तिच्यात, इंटेलवर तिथे शेवटच्या लेव्हलची कॅश येते आणि एएमडीवर एका कोअरची एल२. सहा कोअरच्या ५१२ केबी मिळून ३ एमबी, त्यात एल३चे ३२, झाले ३५. तिला म्हटलं एलएससीपीयू बघ आणि ती ओळ विसरून जा. खरं तर ती ओळ आता काढूनच टाकली पाहिजे असं माझं मत आहे, पण कर्नलवाले वापरणाऱ्यांचे प्रोग्राम मोडतील असं काही करत नाहीत, आणि तेही बरोबरच आहे.

व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनची, तर वेगळीच कथा. भाड्याच्या सर्व्हरवर एलएससीपीयू मारा, बऱ्याच ठिकाणी एल२ ४ एमबी आणि एल३ १६ एमबी असं येतं, खालची खरी चिप कुठलीही असो. हे आकडे क्यूएमूचे, म्हणजे असं मशीन उभं करणाऱ्या एका सॉफ्टवेअरचे, डिफॉल्ट आहेत. तिथे सीपीयूआयडीची इन्स्ट्रक्शन चिपपर्यंत पोचतच नाही, मधे हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) ती पकडतो आणि उत्तर आपल्या पदरचं देतो. चालवणाऱ्याने होस्टची कॅश माहिती तशीच आत पाठवायचा ऑप्शन लावला तरच खरे आकडे दिसतात. आणि ह्याने फरक पडतो बरं. जीलिबसी ह्या लिनक्सच्या सी लायब्ररीतला मेमकॉपी (मेमरी कॉपी करणारं फंक्शन) मोठी कॉपी करताना कधीपासून कॅशला वळसा घालून थेट मेमरीत लिहायचं हे ह्याच आकड्यावरून ठरवतो. आकडा चुकला की उंबरठा चुकला. म्हणून तर जीलिबसीने ट्यूनेबल ठेवलेत, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून कॅशची साइझ आपण स्वतः सांगू शकतो. कर्नलचा शेड्युलरसुद्धा कुठले कोअर शेवटची कॅश वाटून घेतात ते बघूनच झोपलेला टास्क कुठे उठवायचा ते ठरवतो.

आता परत त्या बोर्डाकडे. एआरएमवर साधा प्रोग्राम चिपला कॅशची साइझ विचारूच शकत नाही, ती रजिस्टरं कर्नल मोडमध्येच वाचता येतात. मग कर्नल का वाचत नाही? एक काळ होता जेव्हा वाचायचं. ६४ बिट एआरएमच्या कर्नलमध्ये सीसीएसआयडीआर नावाचं रजिस्टर वाचून सेट, वे, लाइन काढून साइझ दाखवायचा कोड होता, आणि २०१७मध्ये तो कोड मुद्दाम काढून टाकला. कारण असं की एआरएमच्या आर्किटेक्चर मॅन्युअलप्रमाणे त्या रजिस्टरमधले आकडे कॅश सेट-वे पद्धतीने साफ करण्यापुरते आहेत, लूप किती वेळा फिरवायचा एवढ्यासाठी, चिपच्या आत खरोखर तशीच रचना आहे ह्याची कुणी हमी देत नाही. बहुतेक चिपवर आकडे बरोबर निघतही असतील. पण हमी नाही ना, मग दाखवायचे नाहीत. चालू असलेलं फीचर, लोकांना आकडे दिसतायत, कुणाची तक्रार नाही, आणि तरी ते काढून टाकायचं कारण तो आकडा खरा आहे असं आपण छातीठोक सांगू शकत नाही. मला हे वाचलं तेव्हा अक्षरशः भरून आलं. इतक्या लोकांनी मिळून चालवलेल्या प्रकल्पात खरेपणाची एवढी चाड कुणीतरी बाळगतं, ह्याचं मला फार अप्रूप आहे.

मग कर्नल माहिती आणतं कुठून? मोठ्या एआरएम सर्व्हरवर एसीपीआयचं (फर्मवेअरने कर्नलला हार्डवेअरची माहिती द्यायच्या पद्धतीचं) पीपीटीटी टेबल असतं, २०१७च्या एसीपीआय ६.२मध्ये आलं ते. छोट्या बोर्डावर डिव्हाइस ट्री. ही मूळची ओपन फर्मवेअरची कल्पना, सनच्या स्पार्क आणि जुन्या पॉवरपीसी मॅकवर होती, आणि २०११च्या सुमाराला लिनस टोरवाल्ड्स एआरएमच्या प्रत्येक बोर्डासाठी वेगळ्या कोडवरून चिडले त्यानंतर एआरएम लिनक्सने ती मनावर घेतली. बोर्डावर काय काय आहे ते एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, कंपाइल करायचं, बूट होताना कर्नलला द्यायचं. म्हणजे शेवटी माणसानेच हाताने लिहिलेलं. आमच्या बोर्डाच्या फाइलमध्ये सीपीयूचे चार नोड होते आणि त्यात कॅशबद्दल एक अक्षर नव्हतं. झालं, कोडं सुटलं. लिहिलेलं नाही म्हणून कळलं नाही.

पोरगा लगेच म्हणाला, "मॅडम, मग आपण लिहू या की. नेटवर मिळेल साइझ."

मी म्हटलं लिहू, पण आधी मोजू. कारण ए७२ची एल१ ठरलेली असते, डेटा ३२ केबी आणि इन्स्ट्रक्शन ४८ केबी, पण एल२ ५१२ केबीपासून ४ एमबीपर्यंत कितीही ठेवायची मुभा चिप बनवणाऱ्याला आहे. कर्नलवाल्यांनी ज्या आकड्याची खात्री नाही तो काढून टाकला आणि आपण तिथे ऐकीव आकडा भरायचा, हे मला पटेना.

मोजायची पद्धत जुनी आणि फार सुंदर आहे. मेमरीचा एक तुकडा घ्यायचा, त्याच्या ६४-६४ बाइटच्या लाइन पाडायच्या, आणि प्रत्येक लाइनीत पुढच्या लाइनीचा पत्ता लिहून ठेवायचा, खजिना शोधायच्या खेळात एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीची जागा लिहिलेली असते तसा. क्रम मात्र पूर्ण उलटसुलट हवा, नाहीतर प्रोसेसरचा प्रीफेचर पॅटर्न ओळखतो आणि पुढची लाइन आधीच आणून ठेवतो. पुढचा पत्ता हातात आल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, त्यामुळे प्रोसेसरला दोन कामं एकदम करायची संधी मिळत नाही आणि एका उडीला किती वेळ लागला ते शुद्ध स्वरूपात कळतं. तुकडा ४ केबीचा, मग ८, मग १२, असं वाढवत न्यायचं. टास्कसेटने प्रोग्राम एका कोअरला बांधला, गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाकला म्हणजे क्लॉक मधेच खाली-वर होणार नाही, १.५ गिगाहर्ट्झला स्थिर.

ग्राफ काढला. सुरुवातीला सपाट रेघ, एका उडीला २.७ नॅनोसेकंदांच्या आसपास, म्हणजे चार क्लॉक, ए७२च्या एल१ला लागतात तेवढेच. आणि बरोबर ३२ केबी ओलांडले की रेघ वर चढली. पायरीच. चिपने सांगितलं नाही, बायोस नव्हतंच, डिव्हाइस ट्री गप्प होती, आणि तरी ती पायरी तिथे होती. मुलगा स्क्रीनच्या इतका जवळ गेला होता की त्याचं डोकं बाजूला करून मला बघावं लागलं.

पण पुढे १२८ केबीपाशी आणखी एक बारीकसा चढ होता. तो म्हणाला ही कुठली कॅश? एल१ आणि एल२च्या मधे तर काहीच नसतं. हा चढ बघून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही, कारण तो कॅशचा नव्हताच. ए७२च्या डेटा टीएलबीत, म्हणजे प्रोग्रामच्या पत्त्यांचं खऱ्या मेमरीच्या पत्त्यांत केलेलं भाषांतर हाताशी ठेवणाऱ्या टेबलात, ३२ नोंदी असतात, पेज (मेमरीचा ठरलेला तुकडा) ४ केबीचं, ३२ गुणिले ४ म्हणजे १२८ केबी. त्याच्या पुढे गेलं की पत्ता भाषांतर करायलाच जरा जास्त वेळ लागतो. नुसता ग्राफ बघून कुणी ठोकून दिलं असतं की इथे १२८ केबीची एक कॅश आहे, तर तो आकडासुद्धा मोजूनच आलेला असता आणि तरी चुकला असता. मग आम्ही कर्नलला सूचना द्यायचं मॅडव्हाइज वापरून २ एमबीची ह्यूज पेज मागितली, परत चालवलं, आणि १२८चा चढ गायब झाला. ३२ची पायरी जागची हलली नाही. एल२ची पायरी थोडी उतरती, गोलसर आली, ती तशीच येते, पण ती १ एमबीच्या जवळच होती आणि त्यापुढे रेघ जी सुटली ती शंभर नॅनोसेकंदांच्या पार.

एवढं झाल्यावर मगच डिव्हाइस ट्री उघडली. डीटीसी ह्या डिव्हाइस ट्रीच्या कंपाइलरने बायनरी फाइल परत टेक्स्टमध्ये आणली, प्रत्येक सीपीयू नोडमध्ये डी-कॅश-साइझला हेक्समध्ये ८०००, म्हणजे ३२,७६८, आय-कॅश-साइझला सी०००, म्हणजे ४९,१५२, लाइन साइझ ६४, सेट २५६. मग एल२चा एक वेगळा नोड, १ एमबी, १०२४ सेट, आणि चारी सीपीयूंच्या नेक्स्ट-लेव्हल-कॅशमध्ये त्या एकाच नोडकडे बोट. हे बोट दाखवणंच महत्त्वाचं, त्याच्यावरूनच कर्नलला कळतं की ही एल२ चौघांची मिळून आहे. कंपाइल, कॉपी, रीबूट. डीमेसेजमधली ती ओळ गेली होती आणि सिसएफएसमध्ये कॅश फोल्डर आलं होतं.

"मॅडम, आपण ३२ टाकलं आणि हे एल१डी १२८ दाखवतंय!"

नवीन एलएससीपीयू सगळ्या कोअरची बेरीज दाखवतं, चार गुणिले ३२. जुनं एका कोअरची दाखवायचं. एकाच मशीनवर दोन डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) टाकून लोक गोंधळतात ते ह्याच्यामुळे. हायफन कॅपिटल सी लावलं की एकाची आणि सगळ्यांची अशा दोन्ही साइझ शेजारी शेजारी येतात, मला विचाराल तर तेच बघावं.

प्रोजेक्टचं पुढे काय झालं ते सांगते. एल१साठी त्याने ३२चाच तुकडा ठेवला. त्याच्या वर एल२साठी दुसरा मोठा तुकडा घ्यायचा होता, १ एमबीच्या हिशोबाने १९२ बाय १९२, तीन तुकडे मिळून ८,८४,७३६ बाइट, मावायला हवेत. एका कोअरवर मस्त चाललं. चारी कोअरवर एकदम लावलं तर अपेक्षेएवढं वाढेना. त्याने मला न विचारताच तो चिठ्ठ्यांचा प्रोग्राम चार कोअरवर एकाच वेळी चालवला, प्रत्येकाला आपापला तुकडा, आणि ग्राफ घेऊन स्टाफरूममध्ये आला. ३२ची पायरी तिथेच होती, एल१ प्रत्येकाची स्वतःची असते. पण दुसरी पायरी १ एमबीवरून सरकून २५६ केबीच्या आसपास आली होती, चौघांनी एल२ वाटून घेतलेली. सिसएफएसमध्ये अजूनही १ एमबीच लिहिलेलं आहे आणि ते खरंच आहे, फक्त एकेकाच्या वाट्याला तेवढी येत नाही. त्याने तुकडा १९२चा ९६ केला, २,२१,१८४ बाइट, आणि आता तो इन्स्ट्रक्शन कॅशची ४८ केबीची पायरी मोजायला कोड कसा लिहायचा म्हणून माझ्या मागे लागलाय, त्यासाठी पत्त्यांच्या ऐवजी उड्या मारणाऱ्या इन्स्ट्रक्शनची साखळी बनवायला लागते आणि ती आम्ही पुढच्या प्रॅक्टिकलला घेणार आहोत.